नळ चावतो

सकाळी तांदूळ धुवायला मुक्ताबाईंनी नळाकडे हात नेला आणि नळ चावला. झटका बसला असं म्हणता आलं नसतं. झटका बसला की माणूस ओरडतं, हातातलं भांडं पडतं, शेजारचे विचारायला येतात. हे तसं नव्हतं. मांजराच्या पिल्लाने खेळता खेळता बोटाला दात लावावेत आणि आपण बघितलं की साळसूद तोंड करून बसावं, तसा तो नळ चकचकत उभा होता. त्यांनी पुन्हा हात लावला. पुन्हा चावला. बोटाच्या पेरापासून मुंग्यांची एक बारीक ओळ कोपरापर्यंत धावत गेली आणि तिथेच विरली. तांदूळ तसेच ठेवून त्या मागे सरकल्या आणि ओल्या फरशीवर उमटलेल्या आपल्याच अनवाणी पावलांकडे बघत राहिल्या. भीती वाटली नाही. वाटला तो कंटाळा. आता हे कुणाला तरी सांगावं लागणार, आणि सांगितलं की सगळं सुरू होणार.

तसं ते झालंच. कोपऱ्यावरच्या दुकानातला सहादेव आला, मूळचा श्रीगोंद्याकडचा, हसरा, कामाला बरा. त्याने खिशातला टेस्टर काढून नळाला टेकवला, मागच्या टोकावर अंगठा ठेवला आणि वाकून त्यातला बारका दिवा बघितला. दिवा लागला नाही. "बाई, करंट न्हाईच." मग त्याने हाताची पाठ नळाला लावली. सरळ हात कधी लावायचा नाही, आखडला तर नळालाच चिकटतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. "बगा, मला काय व्हतंय का?" त्याच्या पायात जाड रबरी चप्पल होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव असल्यामुळे येताना तो जरा घुटमळला होता, पण आमच्या धंद्यात चप्पल काढली की मानूस गेला, असं म्हणून तशीच घालून आत आला होता. ते त्याचं बरोबरच होतं. "मग मला का चावतो?" त्यांनी विचारलं. "आसतंय वो कायतरी. इंडक्शन म्हन्त्यात त्याला, जवळच्या वायरीचा वारा लागतो. तुमी आपली चप्पल घालत जा घरात, इषय संपला." आणि खरोखरच विषय संपल्यासारखा तो टेस्टर खिशात टाकून निघून गेला.

चप्पल घालत जा. हे वाक्य दिवसभर मुक्ताबाईंच्या मागे फिरत राहिलं. तसं पाहिलं तर मोठं काही नव्हतं. बाजारातून हलक्या रबराची एक जोडी आणायची, दाराशी ठेवायची, आत जाताना पाय सरकवायचे. पण त्यांचा पाय पुढे होईना. देवाचं निमित्त होतं, पण खरं कारण देव नव्हता, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. शेवगाव तालुक्यातल्या काळ्या रानांमधून त्या आयुष्यभर सँडल घालून शाळेत शिकवायला गेल्या. पावसाळ्यात चिखलाचा एकेक शेर तळव्याला घेऊन वर्गात शिरल्या. घर म्हणजे काय, तर जिथे आल्यावर ते सगळं बाहेर ठेवून तळवा जमिनीला लावता येतो ती जागा. नवरा गेल्यावर नगरमध्ये सावेडीतल्या या तळमजल्यावरच्या घरात त्या एकट्या राहिल्या, तेव्हाही पहिल्या दिवशी बोलकं असं काही सापडलं असेल तर ती ही फरशीच. सकाळी गार, दुपारी कोमट, खिडकीपाशी उन्हाचा चौकोन. बिघाड कुठे तरी नळात होता, तारेत होता, भिंतीत होता. आणि दुरुस्ती मात्र त्यांच्या पायाची करायची होती. लग्न झाल्यावर सासरची चूल धुरायची, तेव्हा धुराडं बसवा म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, डोळ्याला ओला पदर लावत जा. लावला होता. तेव्हा वय लहान होतं.

नळ रोज चावत होता असंही नाही. कधी दोन दिवस गप्प बसायचा. मग सकाळच्या आंघोळीच्या वेळी, सगळ्या इमारतीत गिझर चालू असताना, हटकून दात दाखवायचा. त्यांनी फोनवर कल्याणला सांगितलं. कल्याण त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याने नीट ऐकून घेतलं, आणि तेच त्यांना खटकलं, कारण एरवी तो नीट ऐकत नसे. "आई, हाताला मुंग्या फक्त नळाशीच येतात का? एरवी नाही ना येत?" "नळाशीच." "शुगर तपासून किती दिवस झाले?" पुढच्या फोनला मुंग्यांचं नाव बदलून नसा झालं, त्याच्या पुढच्या फोनला नसांच्या जागी डॉक्टर आला, आणि एका संध्याकाळी तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, एकटं राहिलं की माणसाला असे भास होतात. त्यात तुझा काही दोष नाही. तू इकडेच ये आता. कायमची. नगरचं घर भाड्याने देऊन टाकू." भास. एवढा मऊ शब्द त्यांना आजवर कुणी फेकून मारला नव्हता.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आलाच. सहादेवला त्याने आधीच फोन करून बोलावून घेतलं होतं. आईसमोर एकदाचा सोक्षमोक्ष झाला की ती समजुतीने गाडीत बसेल, असा त्याचा हिशेब असावा. मुक्ताबाईंनी रात्रीच बॅग भरून ठेवली होती. जायचं म्हणून नव्हे. भरली नसती तर त्याने भरली असती, आणि आपल्या लुगड्यांच्या घड्या त्याच्या हाताने मोडलेल्या त्यांना बघवल्या नसत्या. या वेळी सहादेवने नुसता टेस्टर आणला नव्हता, मीटर आणला होता. पिवळा, काळ्या आणि लाल काडीचा. कल्याणच्या पायात पुण्याहून घालून आलेले जाड रबरी बूट होते, भोकाभोकांचे, घरात चालतात म्हणून काढले नव्हते. मीटरची एक काडी सहादेवने नळाला लावली, दुसरी गिझरच्या बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात. "ही अर्थिंग. म्हंजी जमीन. नळ आन् जमीन यांच्यात किती करंट हाय ते बगायचं." आकडा आला शून्य. "बघ आई," कल्याण म्हणाला. आणि मग, जणू शेवटची शंकासुद्धा उरू नये म्हणून, तो स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढून आला.

घर एकदम थांबलं. फ्रिज एक आचका देऊन गप्प झाला. पंख्याची पाती सावकाश वेगळी वेगळी दिसू लागली. बाहेर कुणी तरी गाडी धूत होतं त्याचा आवाज इतका जवळ आला की जणू स्वयंपाकघरातच पाणी पडत होतं. "आता घरात करंटच नाही," कल्याण म्हणाला. "आता लाव हात." त्याला वाटलं होतं आई हात लावील, काही होणार नाही, ती खजील होऊन हसेल आणि आपण तिच्या खांद्यावर हात ठेवू. मुक्ताबाईंनी पदर खोचला. ओल्या फरशीवर दोन्ही पाय नीट टेकवले. सहादेवने शिकवला होता तसा हात उलटा केला आणि बोटांची पाठ नळाला लावली. मुंग्यांची ओळ कोपरापर्यंत गेली, आज कोपर ओलांडून दंडात शिरली. "चावतो," त्या म्हणाल्या.

सहादेव मीटरची वायर गुंडाळू लागला, आणि वायर गुंडाळताना बाईंच्या तोंडाकडे बघायचं नाही याची त्याने फार काळजी घेतली. कल्याणने बघितलं. ते बघणं मुक्ताबाईंच्या ओळखीचं होतं. पोराने हट्ट धरावा आणि आपण त्याच्यावर न रागावता दुसरीकडे बघावं, तसं नव्हे. माणूस आपल्यातून उठून गेला आणि तरी समोर बसलेला आहे असं समजून बघावं, तसं. कुठे बघितलं होतं हे? शाळेत. हेडमास्तरांनी रंगूकडे बघितलं होतं. रंगू तिसरीतली, हडकुळी, केसांना तेल कधी नाही. पावसाळ्याच्या दिवसांत ती भिंतीला टेकून बसायला तयार होईना. "बाई, भिंत चावती." सगळा वर्ग हसला. हेडमास्तर दारातून म्हणाले, अभ्यास नको, दुसरं काय. मुक्ताबाई तेव्हा नव्या होत्या, अजून कायमही झाल्या नव्हत्या. त्यांनी सँडल काढली, रंगूच्या जागेवर बसल्या आणि भिंतीला तळहात लावला. भिंत चावली. त्या दिवसापासून त्यांचा वर्ग बाहेर लिंबाखाली भरू लागला. "बाई, शाळा म्हणजे जत्रा नव्हे," हेडमास्तर म्हणायचे. "भिंत बरी झाली की आत येऊ," त्या म्हणायच्या. शेवटी वायरमन आला आणि तसबिरीसाठी ठोकलेला एक खिळा प्लास्टरमागच्या तारेत घुसलेला निघाला. रंगूने तो खिळा मागून घेतला आणि कित्येक दिवस दप्तरात बाळगला. बिचारीला कळलं होतं की चावणाऱ्याला दात असतातच, फक्त ते शोधणारं माणूस भेटावं लागतं. आणि आज या स्वयंपाकघरात रंगू कोण होती, हे मुक्ताबाईंना स्वच्छ दिसत होतं. सँडल काढून जागेवर येऊन बसणारं तेवढं कुणी नव्हतं.

"जेवण करून निघू," कल्याण म्हणाला आणि मेन चालू करून बॅग गाडीत ठेवायला गेला. सहादेवही दुसऱ्या कामाला गेला.

भागूबाई भांडी घासायला आली ती नेहमीसारखी, चप्पल पायरीवर टाकून. पाथर्डीकडची बाई. ऊसतोडीला जाऊन जाऊन गुडघे गेले तेव्हा नगरला येऊन राहिली आणि या इमारतीतली धुणीभांडी धरली. तिने नळ सोडला तो पदराचं टोक हाताभोवती गुंडाळून. मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. रोज बघत असतील, पण आज त्यांनी ते बघितलं.

"भागूबाई, पदर कशाला गं धरला?"

"उगं आपला." मग कढई घासत, तोंड न फिरवता ती म्हणाली, "चावतंय की त्ये."

मुक्ताबाई दारातून आत आल्या. "कधीपासून?"

"लई दिस झालं. व्हळीच्या आदीपासनं."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुमी मास्तरीन बाई, शिकलेल्या. तुमाला म्हनत्यात, डोस्क्यात बिगाड झालाय. मला काय म्हनले आस्ते? म्हनले आस्ते, काम टाळती म्हातारी." ती स्वतःच हसली. "आन् हितं एकटीकडंच हाय का? वर तिसऱ्या मजल्यावर न्हानीत बी तसंच हाय. म्या तिथं बी पदरच धरती."

तिसऱ्या मजल्यावर. मुक्ताबाई ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या. तिथलं घर वेगळं, तिथला मेन वेगळा, तिथलं मीटर वेगळं. आपल्या घरातला करंट बंद केला तरी आपला नळ चावतो, आणि ज्याचा आपल्या करंटशी संबंध नाही तो वरचाही चावतो. मग दोघांमध्ये एकच काय आहे? आणि सहादेवच्या मीटरवर तरी शून्य का आलं? शून्य. या शब्दाशी त्या थांबल्या. चौथीच्या वर्गात त्या मुलांना बाकाची लांबी मोजायला सांगायच्या. शाळेच्या लाकडी पट्ट्या पिढ्यान् पिढ्या वापरून कडेला झिजलेल्या. एकदा आदिनाथ नावाच्या पोराचं उत्तर काही केल्या जुळेना. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. रडवेला झाला. त्यांनी पट्टी हातात घेतली तर पट्टीवर शून्यच नव्हतं. झिजून गेलं होतं, आणि तो झिजलेल्या कडेलाच शून्य समजून चालला होता. "रडू नको," त्या म्हणाल्या होत्या, "तुझं मोजणं बरोबर आहे. तू जिथून मोजतोस ती जागा खोटी आहे." सहादेवने नळ आणि जमीन यांच्यात मोजलं म्हणाला. पण जमिनीत कुठे मोजलं? बोर्डाच्या भोकात मोजलं. ते भोक म्हणजे जमीन, हे कुणी सांगितलं? हिरवी वायर तिथून निघते आणि खाली जमिनीत जाते, असं म्हणतात. जाते का? माहेरी उन्हाळ्यात वडील विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतायचे. मिठाचे खडे टाकायचे. लहानगी मुक्ता विचारायची, इथं तर काही लावलेलं नाही, मग पाणी कुणाला? ते म्हणायचे, "जमिनीला. तिला तहान लागली की ती करंट गिळत न्हाई बग." या इमारतीचा खड्डाही होता की. पार्किंगच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या झाकणाखाली. वॉचमन उन्हाळ्यात बादली ओतायचा. दिवाळीआधी सोसायटीने तिथे रंगीत ब्लॉक बसवले, आणि त्यानंतर ते झाकण त्यांना कुठे दिसलं नव्हतं.

त्यांनी सहादेवला फोन लावला. "बाई, आयतवार हाय वो. दोन घास खाऊ द्या." "खा. मग ये. लांब वायर घेऊन ये."

"आई, हे काय चाललंय? गाडी काढायचीय मला," कल्याण म्हणाला.

"काढ. मी बसणार नाही."

"तू कालपर्यंत तयार होतीस."

"बॅग तयार होती. मी कधी म्हणाले?"

सहादेव आला तो पोट भरून आणि थोडा वैतागून. मुक्ताबाईंनी त्याला आधी बोर्डाशी नेलं. "मीटर चालतोय का, ते आधी चालू बोर्डावर दाखव मला." "चालतोय वो बाई, नवा हाय." "नवा आहे म्हणून चालतो असं पोरं म्हणतात. दाखव." त्याने दाखवलं, घरात जेवढा असायला हवा तेवढा आकडा आला. "आता मेन बंद कर." तो बंद झाला. पुन्हा ती शांतता. "आता लाल काडी नळाला. आणि दुसरी त्या भोकात नको. दुसरीला तुझी लांब वायर जोड आणि ती खिडकीतून बाहेर टाक. भागूबाई, ते टोक कढीपत्त्याच्या सळईला बांध." खिडकीखाली मातीत त्यांचा कढीपत्ता होता, वाऱ्याने वाकतो म्हणून त्याला लोखंडी सळईचा आधार दिलेला. रोज तांदळाचं धुवण त्या तिथेच ओतत, त्यामुळे अख्ख्या वैशाखातही तेवढी माती काळी आणि ओली राहायची. सहादेवच्या कपाळावर आठी आली, मग ती हळूहळू सुटली. त्याला कळत होतं. "बाई, म्हंजी तुमी म्हन्ता, आपली अर्थिंगच..." "मी काही म्हणत नाही. मीटर काय म्हणतो ते वाच. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. आकडा ऐंशी व्होल्टच्या वर होता आणि हलत होता, श्वास घेतल्यासारखा.

"आयला," सहादेव म्हणाला. मग कुणी न सांगता त्याने गिझरची पीन बोर्डातून उपसली. आकडा खाली पडला. पीन खुपसली, आकडा उठला. काडी पुन्हा त्या भोकात घातली, तर नळ आणि भोक यांच्यात अजूनही शून्यच; दोघंही सारखेच चावरे, म्हणून एकमेकांकडे बघून गप्प. मेन चालू करून मीटर त्याने पुन्हा एकदा बोर्डावर तपासला, आणि या वेळी बाईंनी सांगितलं नव्हतं. "हिरव्या वायरीतनं येतंय, गिझरच्या पत्र्यातनं पाइपात आन् पाइपातनं नळात. आपल्या घरातलं न्हाईच हे. वर कुनाचा तरी गिझर फुटलाय, त्याचा करंट जमिनीत जायचा तर खाली वाट न्हाई, म्हनून समद्यांच्या घरात फिरतोय." तो नळाकडे बघत होता. "बाई, कुनी ओल्या अंगानं दोन्ही हातांनी धरला आस्ता तर..." भागूबाईने खिडकीबाहेर आपला हात पदरात गुंडाळून घेतला, ऊन असूनसुद्धा.

कल्याण दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो "आई" म्हणाला आणि थांबला. मुक्ताबाईंनी त्याला ते वाक्य पुरं करायला मदत केली नाही. वर्गातसुद्धा त्या करत नसत. मुलाला उत्तर आलं की ते स्वतःच्या तोंडाने बोलायला वेळ द्यावा लागतो. कधी एक तास जातो, कधी एक वर्ष.

सोसायटीचे सेक्रेटरी सुनील, पहिल्या मजल्यावर राहणारे, बोलावल्यावर लगेच आले. चांगला माणूस. मीटर बघून आणि ब्लॉकखाली गडप झालेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचं ऐकून घाबरले, मग घाबरल्याचं लपवून म्हणाले, "बाई, हे गंभीर आहे. घेतो मी मनावर. पण ब्लॉक उखडायचे म्हणजे मीटिंग बोलवावी लागेल, सगळ्यांची संमती लागेल. मे महिना, निम्मे लोक गावाला गेलेत. तोपर्यंत असं करू, मी आत्ताच ग्रुपवर मेसेज टाकतो. बाथरूममध्ये आणि किचनमध्ये सगळ्यांनी चप्पल घालूनच जावं."

मुक्ताबाईंना हसू आलं. ते आधी पोटात आलं, मग खांद्यांत, आणि बाहेर पडलं तेव्हा भागूबाईही खिडकीबाहेर हसू लागली होती. सुनील एकदा या बाईकडे, एकदा त्या बाईकडे बघू लागले.

"मीटिंग घ्या ना," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा, आणि कितीतरी वर्षांनी तो त्यांच्या गळ्यात सापडला होता. "आजच संध्याकाळी घ्या. इथेच, माझ्या स्वयंपाकघरात. जे गावात आहेत ते सगळे या. चपला बाहेर पायरीवर काढायच्या, घरात देव आहे. फरशी मी पुसून ओली ठेवते. एकेकाने पुढे यायचं आणि हाताची पाठ नळाला लावायची. कशी लावायची ते मी दाखवीन, घाबरायचं नाही. आणि मग सांगायचं, चप्पल घालायची का ब्लॉक काढायचे."

"अहो, असं कसं? कुणाला काही झालं म्हणजे?"

"तेच म्हणतेय मी." त्या नळाकडे बघत नव्हत्या, सुनीलच्या पायांकडे बघत होत्या. "ज्याला हात लावायचा नसेल, त्याने येताना पहार घेऊन यावं."

सुनीलने फोन खिशातून काढला आणि पुन्हा आत ठेवला. वर छताकडे एकदा बघितलं. बाहेरून भागूबाई म्हणाली, "पहार माज्या घरी हाय. जड हाय पन, मला उचलायची न्हाई."

कल्याण चौकटीपासून निघाला. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि आईची बॅग त्याने परत आणून व्हरांड्यात ठेवली. "चल मावशी, दाखव घर," तो भागूबाईला म्हणाला. मग त्याचं लक्ष पायातल्या त्या भोकाभोकांच्या बुटांकडे गेलं. ते त्याने पायरीवर काढले, भागूबाईच्या चपलेशेजारी, आणि उन्हाने तापलेल्या ब्लॉकवरून पाय उचलत उचलत तो गाडीकडे गेला. मुक्ताबाईंनी हाक मारून त्याला बूट घाल म्हटलं नाही. त्या आत आल्या, बादली भरायला गिझरची पीन उपसून ठेवली, आणि फरशी ओली करायला घेतली.